वळवापासून गौरीपर्यंत: कोल्हापुरात पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांसाठी

वळीव धो धो पडून गेला की चार-पाच दिवसांनी आमच्या गच्चीवरच्या एका पसरट कुंडीत गुलाबी फुलं उभी राहतात. आदल्या संध्याकाळी तिथं गवतासारख्या पात्यांशिवाय काही नसतं, आणि सकाळी बघावं तर दहा-बारा फुलं. ही रेन लिली. एक फूल एखाद-दुसरा दिवस टिकतं, पण दर वर्षी ते पहिलं फूल दिसलं की मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून वर बोलावते. हा लेख त्या फुलाची ज्यांना हौस आहे आणि हातात अजून एकही कुंडी नाही, त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे. कोल्हापुरात कुंडीतली झाडं तहानेनं कमी मरतात, पाण्यानं जास्त मरतात. गगनबावड्याला कोसळणारा पाऊस आपल्यापर्यंत येईस्तोवर थोडा थकलेला असतो हे खरं, पण जुलैत तो आठवडा आठवडा उघडत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकल्याची बातमी आपण ऐकत असतो, त्याच दिवसांत गच्चीवरच्या कुंड्यांत मुळं गुदमरत असतात. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानं भरून राहिल्या की मुळं सडतात, आणि गंमत म्हणजे वरून झाड सुकल्यासारखंच दिसतं. नवखा माणूस मग आणखी पाणी घालतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मोगरा, अनंत आणि दोन गुलाब असेच गेले. शेतातली काळीभोर माती पोत्यात भरून आणली होती, कसदार म्हणून. जमिनीत ती कसदार आहेच, उसाला विचारा. पण कुंडीत ती भिजली की फुगते, चिकटते, पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते.

म्हणून झाडं शेवटी आणायची. आधी जागा, मग माती, मग कुंडी, मग झाड.

जागा: मे महिन्यातच बघून ठेवा

पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, ऊन कुठं किती पडतं ते कळत नाही. म्हणून मेमध्ये एखादा रविवार काढा आणि सकाळी आठ, अकरा, दोन आणि चारला गच्चीवर किंवा गॅलरीत उन्हाची जागा खडूनं आखा. जिथं पाच-सहा तास ऊन येतं तिथं जास्वंद, मोगरा, झेंडू, गोकर्ण. जिथं फक्त सकाळचं कोवळं ऊन येतं तिथं तेरडा, सोनटक्का, ब्रह्मकमळ. पेठांमधल्या जुन्या घरांच्या चौकात ऊन जेमतेम दोन-तीन तास उतरतं. तिथं गुलाबाचा हट्ट धरू नका, सोनटक्का लावा. त्याला ओल आवडते, अर्धी सावली चालते, आणि श्रावणात तो फुलला की संध्याकाळी सगळा चौक घमघमतो.

गच्ची असेल तर आणखी दोन गोष्टी. १२ इंची कुंडी भरून भिजली की वीसेक किलोची होते. अशा पंधरा कुंड्या स्लॅबच्या मधोमध गोळा करण्यापेक्षा खाली भिंत किंवा तुळई आहे त्या रेषेत ठेवा. आणि जून-जुलैचा वारा पश्चिमेकडून येतो, तो उंच झाडं आडवी करतो. पश्चिमेच्या कठड्याला बुटकी, जड कुंडीतली झाडं ठेवा आणि कठड्याच्या वर काहीच ठेवू नका. खालून माणसं जातात.

माती: इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया

माझं प्रमाण असं: दोन बुट्ट्या तांबडी माती, एक बुट्टी जुनं चाळलेलं शेणखत, एक बुट्टी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताचं तूस. कुंडीमागं मूठभर निंबोळी पेंड. आपल्या पश्चिमेच्या भागात भात पिकतो, त्यामुळं भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळतं. ते मातीत वर्षभर तरी पोकळी टिकवून धरतं. कोकोपीट पाणी धरतं, तूस पाणी सोडतं, म्हणून उघड्यावरच्या कुंड्यांना मी तूसच घालते आणि छपराखालच्या गॅलरीतल्या कुंड्यांना कोकोपीट. घरी काळीच माती असेल तर ती टाकू नका, पण चार बुट्ट्यांत एकच घ्या.

शेणखताच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. म्हशींचे गोठे शहरातसुद्धा आहेत आणि भोवतालच्या गावांत तर घरोघर. पण गोठ्यावरून आणलेलं शेण तसंच कुंडीत घालायचं नाही. कच्चं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. नीट मुरलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. ढिगात हात घातला आणि ऊबदार लागलं तर अजून थांबा.

आणि चाळल्याशिवाय वापरू नका. कारण हुमणी. आपल्या ऊसपट्ट्यात हुमणीचं नाव कुणाला सांगायला नको. वळीव पडला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंबाच्या, बाभळीच्या झाडांवर बसतात, आणि अंडी मातीत, खताच्या ढिगात घालतात. तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी शेणखताबरोबर कुंडीत आली की आतून मुळं खाते. वर झाड हिरवंगार दिसत असतं आणि एके दिवशी नुसतं उचललं तरी हातात येतं. खत कडक उन्हात पातळ पसरा, दोन दिवस खालीवर करा, चाळा. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. तासाभराचं काम आहे, पण ते चुकवू नका.

मिश्रण झालं की एका कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात खालून पाणी यायला लागलं तर माती जमली. वर तळं साचून राहिलं तर आणखी तूस मिसळा. वळवाच्या आधी ही परीक्षा घ्या, कारण एकदा पाऊस लागला की माती कोरडी मिळत नाही आणि ओली माती नीट मिसळत नाही.

कुंडी

तळाला बोटभर जाडीची तीन-चार भोकं असलीच पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बऱ्याचदा नुसती खूण असते, भोक आपणच पाडायचं असतं. भोकावर फुटक्या कौलाचा एक तुकडा पालथा ठेवा, माती वाहत नाही. तळाशी खडीचा जाड थर घालायची आपल्याकडं पद्धत आहे. मी ती सोडली. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरापाशी येऊन अडून राहतं, लगेच खाली उतरत नाही, आणि मुळांची जागा मात्र तेवढी कमी होते. त्यापेक्षा कुंडीखाली विटांचे तीन तुकडे लावा. कुंडी थेट फरशीवर बसली की भोकं बुजतात. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. त्यात साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात.

पहिली चार झाडं

नर्सरीत गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं. पहिल्या वर्षी चारच घ्या, आणि ती अशी घ्या की गौरी-गणपतीपर्यंत बहुतेक फुललेली दिसतील.

पहिली रेन लिली. कांदे मिळतात, किंवा ओळखीच्या कुणाकडं तरी असतातच. आठ इंची पसरट कुंडीत आठ-दहा कांदे लावा, कांद्याची मान मातीच्या पातळीला येईल इतकेच खोल. तिला गर्दी चालते. मात्र हिला कोरडं पडल्यावर मिळणारा भरपूर पाऊस हवा असतो, त्यावर ती कळ्या काढते. म्हणून तुमच्या कुंडीवर थेट पाऊस पडत नसेल तर दोन-तीन आठवडे पाणी तोडा आणि मग एकदा भरपूर द्या. गुलाबी लवकर फुलते, पांढरी बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. दोन्ही लावल्या तर मोसमाची दोन्ही टोकं सांभाळली जातात. कांदे विषारी असतात, घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

दुसरी जास्वंद, आणि तीही साधी गावठी तांबडी. मोठ्या फुलांच्या रंगीत संकरित जाती दिसायला देखण्या, पण आपल्या पावसात पहिल्या वर्षी त्या सांभाळणं नवख्याला जड जातं. गावठी जास्वंद विकत घ्यायचीही गरज नाही. मृगाचा पाऊस लागला की शेजारी विचारा. आमच्या गल्लीत मी पहिल्यांदा संकोचत विचारलं होतं, "काकू, एक फांदी मिळेल काय?" तर त्या म्हणाल्या, "घे की, दोन घे, एक मेली तर एक राहील." त्यांचं म्हणणं आजही पाळते, प्रत्येक झाडाच्या दोन फांद्या लावते. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांब फांदी घ्या, खालची पानं काढा, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, खाली तिरका काप द्या आणि सावलीत ओल्या मातीत रोवा. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. मधेच उपटून मुळं आली का ते बघायचं नाही. नवीन पान मोठं व्हायला लागलं की ओळखा.

तिसरी गोकर्ण. बियांचं कवच टणक असतं, रात्रभर पाण्यात भिजत घाला, फुगलेल्या बिया अर्धा इंच खोल टोचा. चढायला दोरी किंवा जाळी द्या. दीड-दोन महिन्यांत निळी फुलं. शेंगा धरायला लागल्या की फुलं कमी होतात, म्हणून सुरुवातीच्या शेंगा खुडत जा.

चौथा तेरडा. याला फार काही लागत नाही. जूनच्या मध्याला बी विस्कटा, वर अगदी पातळ माती भुरभुरा, ऑगस्टच्या मध्यापासून फुलं सुरू. एकाच जागी दाट उगवली तर वीतभर अंतर ठेवून बाकीची उचलून दुसरीकडं लावा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण झाडाला नव्या कळ्या येत राहतात आणि आपल्याकडं गौर घरात येते ती तेरड्याच्या डहाळ्यांनीच. आपल्या कुंडीतली एक तरी डहाळी त्यात असावी, एवढ्यासाठी मी हा लावते.

मे महिन्यात नर्सरीत एक लालभडक चेंडूसारखं फूल दिसेल. हिला मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणतात. हौस झाली तर हा पाचवा कांदा जरूर घ्या, पण त्याची रीत समजून घ्या. वर्षाला एका कांद्यातून एकच फुलांचा चेंडू येतो. तो सुकल्यावर येणारी मोठी पानं कापू नका, तीच पुढच्या वर्षीच्या फुलासाठी कांद्यात अन्न साठवतात. हिवाळ्यात पानं पिवळी पडून झाड दिसेनासं होतं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. कुंडी कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि पाणी देऊ नका. "कुंडी रिकामी झाली" म्हणून माती पालथी करून कांदा फेकून दिलेली घरं मी पाहिली आहेत.

गुलाब मात्र जूनमध्ये आणू नका. सततच्या ओलीत त्याच्या पानांवर काळे ठिपके पडतात आणि पानगळ होते. तो दिवाळीच्या आसपास, पाऊस सरल्यावर आणायचा.

नर्सरीतून घरी

फुलांनी लगडलेलं झाड निवडू नका. कळ्या धरलेलं, बुटकं, खालपासून फुटवे असलेलं घ्या. पानाची मागची बाजू बघा. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ते झाड तिथंच ठेवा. आपल्या नर्सऱ्यांतली कितीतरी झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या लांबच्या ठिकाणाहून आलेली असतात. प्रवासात मुळं टिकावीत म्हणून नर्सरीतली बरीच झाडं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच आपल्या भुसभुशीत मातीत पुरला की सगळं पाणी गोळ्यातच धरून राहतं आणि मुळं बाहेर येत नाहीत. लावायच्या आधी गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा, कडेची माती बोटांनी हलकेच सोडवा. सगळी धुऊन काढू नका, बारीक मुळं तुटतात.

पण हे घरी आणल्या दिवशी नाही. नवीन झाड आठ-दहा दिवस पिशवीसकट सावलीत, बाकी झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर त्या दिवसांत दिसते आणि झाडालाही जागा ओळखीची होते. या काळात कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. घाबरून खत घालू नका. मग संध्याकाळच्या वेळी लावा, पिशवीत खोड जितकं मातीत होतं तितकंच आताही मातीत असू द्या, आणि पहिला महिनाभर खत बंद.

लावल्यावर पहिल्या दोन-तीन कळ्या मी खुडते. जीवावर येतं. पण रुजलेलं नसताना फुलायला लागलं की झाडाची ताकद तिकडंच जाते. रेन लिलीला हे लागू नाही, तिच्या कांद्यात सगळं भरलेलंच असतं.

तरण्या-म्हाताऱ्या पावसात

पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे दोन पाऊस बागेची खरी परीक्षा घेतात. या दिवसांत पाणी घालायचा विचारच करू नका. उघडीप पडली तर बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. रोज सकाळी एक फेरी मारा आणि कुठल्या कुंडीत वर पाणी साचलंय ते बघा. साचलं असेल तर कुंडी जराशी तिरपी करा, खालून भोकात काडी घाला. मोगरा आणि मे फ्लॉवर जमल्यास छपराखाली घ्या.

गोगलगायी या काळात एका रात्रीत तेरड्याची सगळी रोपं फस्त करतात. औषधाच्या आधी हातानं वेचा. संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांच्या मधे टाकून ठेवायचं, रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जायचं, गोणपाटाखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आठ दिवस नेमानं केलं की फरक दिसतो. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून उसाचं पाचट कुंडीवर पसरलं असेल तर जूनमध्ये ते उचला, गोगलगायींना दिवसा लपायला तीच जागा मिळते. ते पाचट कंपोस्टच्या बादलीत टाका. रसवंतीवरची चिपाडंही तिथंच. ती कच्ची कुंडीत टाकली तर गोडाला मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की मावा, पिठ्या ढेकूण यांना त्याच सांभाळतात.

पिठ्या ढेकूण दिसलेच तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, नीट घुसळून, उघडीप बघून संध्याकाळी फवारा. भर पावसात फवारलेलं वाहून जातं.

पुढची तयारी

आखाडात घरातली माणसं बागेकडं जरा दुर्लक्ष करतात, पण शेवंती आणि झेंडूची वेळ हीच. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर अडीच-तीन महिने आधी बी टाका. रोप लावून तीनेक आठवडे झाले की शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी सात-आठ येतात.

शेवंतीचे फुटवे कुणाकडून तरी जुलैपर्यंत आणून लावा. ही रात्र मोठी झाली की कळी धरणारी. माझ्या शेवंतीला एक वर्ष नुसती पानंच आली. माती चांगली, ऊन चांगलं, तरी फूल नाही. शेवटी लक्षात आलं की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत होता, तिच्या दृष्टीनं रात्र झालीच नव्हती. कुंडी पाण्याच्या टाकीमागं सरकवली आणि पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती पिवळीधमक झाली. तुमच्या गॅलरीसमोर दिवा असेल तर सप्टेंबरपासूनच जागा बदला.

ब्रह्मकमळाचं पान कुणी दिलं तर ते दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, मग लावा, म्हणजे कापलेली जागा सडत नाही. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. रात्री नऊच्या सुमाराला उमलायला लागतं आणि पहाटेपर्यंत मान टाकतं. कळी फुगून वर वळलेली दिसली की त्या रात्री शेजाऱ्यांना चहाला बोलवा.

आणि बी धरून ठेवा. गौरी गेल्या की तेरड्याच्या शेंगा पिकायला लागतात. हात लावताच फुटून बी उडतं, म्हणून शेंग फिकट झाली की तिच्यावर जुन्या सुती धोतराचा तुकडा सैल बांधा आणि दोन दिवसांनी धाग्यासकट तोडून घ्या. गोकर्णीच्या शेंगा तपकिरी, खुळखुळणाऱ्या झाल्यावर काढा. सावलीत आठवडाभर वाळवून, चिमूटभर चुलीची राख घालून काचेच्या बाटलीत भरा, वर चिठ्ठीवर नाव आणि महिना लिहा. बाटल्या दोन करा. एक आपली, आणि दुसरी त्या काकूंची, ज्यांनी जास्वंदीच्या दोन फांद्या दिल्या होत्या.